वारं काढणारा पाहिजे

गणपतीच्या मेळ्यात मी पंधरा वर्षं भुताचं काम केलं. अंगभर राख, डोळ्यांभोवती काजळ आणि विंगेतून येणारी माझी ती लांब, चिरकी शीळ. पुढच्या रांगेतल्या बायका पदरात तोंड लपवत आणि पदराच्या फटीतून पुन्हा बघत. त्यामुळे भूत कुठून येतं, किती वेळ थांबतं आणि टाळी कुठे घेतं, याची मला चांगली माहिती होती. पण चाळिशी उलटल्यावर तीच शीळ माझ्याच छातीतून, माझी परवानगी न घेता वाजायला लागेल, हे मात्र कोणत्याही तालमीत सांगितलं नव्हतं.

हे मी दम्याच्या माणसांसाठी लिहितो आहे. जो आत्ता पाठीला दोन उशा लावून, खांदे वर उचलून, तोंडाने श्वास ओढत हे वाचतो आहे, त्याच्यासाठी. औषधांची नावं मी सांगणार नाही, ती डॉक्टरांनी सांगावीत. मी सांगणार आहे ती हवेची गोष्ट. घरातली हवा साफ करण्यासाठी मी कोणकोणती यंत्रं बघितली, त्यातलं कोणतं निवडलं, आणि त्या खटपटीत भिंतीपलीकडच्या कोणाशी गाठ पडली.

चादर आणि शिट्टी

मी सोलापुरात चादरींच्या दुकानात विक्रीला आहे. आमच्या धंद्यात चादर दाखवत नाहीत, फेकतात. घडीची दोन टोकं चिमटीत धरायची, मनगटाला झटका द्यायचा, आणि चादर हवेत फुगून गादीवर अशी उतरवायची की गिऱ्हाइकाच्या तोंडून 'वा' निघालाच पाहिजे. माझी फेक बघायला शेजारच्या दुकानातले लोक येत. चादरीबरोबर उडणारी पांढरी रुई उन्हाच्या पट्ट्यात नाचायची. ती बघून मला अत्तर शिंपडल्यासारखं वाटे.

एके दिवशी लग्नाच्या बस्त्याला मोठं बिऱ्हाड आलं होतं. मी लाल मोराची चादर फेकली, हात कमरेवर ठेवला आणि म्हणायला तोंड उघडलं, "बघा ताई, मोर नाचतोय!" शब्द आले नाहीत. शिट्टी आली. बारीक, लांब, वरच्या पट्टीतली. मंडळी हसली. त्यांना वाटलं, मोराचा आवाज काढतोय. मीही हसायला गेलो, आणि मग मला श्वास आत घेता येईना. बाहेर सोडता येईना म्हणणं जास्त बरोबर. छाती हवेने गच्च भरलेली आणि त्या हवेचा उपयोग शून्य.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. गाण्याच्या बैठकीत कुणी इतकं मन लावून ऐकत नाही.

"कुठे राहता?"

"मागांच्या गल्लीत. शेजारी कारखाना आहे."

"झोपायच्या खोलीला खिडक्या किती?"

"एकच. रस्त्याकडे."

ते कागदावर लिहीत म्हणाले, "दमा आहे."

माझी बायको शालिनी अक्कलकोटकडची. तिने पदर घट्ट ओढला. "बरा व्हतो का वो?"

"सांभाळला की माणूस म्हातारा होतो."

"आन् न्हाय सांभाळला तर?"

डॉक्टरांनी पेनला टोपण लावलं.

वॉर्डातलं चाक

त्या वर्षात मी तीनदा भरती झालो. वॉर्डाचा दिनक्रम सगळ्यांना ठाऊक असतो: पहाटे थर्मामीटर, मग चहा, मग शिरेत अगदी सावकाश दिलं जाणारं ते इंजेक्शन, ज्याने अंगातून गरम लाट जाते आणि हृदय दाराला धडका देतं. नर्सबाई म्हणायच्या, "बोलू नका." मला! बोलू नका! ती शिक्षा सुईपेक्षा मोठी होती.

पण वॉर्डात भय वाटायचं ते एका चाकाचं. ऑक्सिजनची लोखंडी टाकी गाड्यावरून यायची आणि त्या गाड्याचं एक चाक करकरायचं. करकर ऐकू आली की अख्खा वॉर्ड भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचा. जो डोळे मिटतो त्याच्यापाशी ती थांबत नाही, असा तिथला समज होता. तिसऱ्या खेपेला मीही डोळे मिटले. करकर जवळ आली, आणखी जवळ आली, आणि थांबली. मी डोळे उघडले नाहीत. नाकावर रबराचा थंड वास आला तेव्हा कळलं, कोणापाशी थांबली ते.

तिथे एक आयाबाई होत्या. त्या काही न बोलता माझं कपाळ स्वतःच्या तळहातावर तोलून धरायच्या, मी पुढे वाकून धापा टाकत असताना. डोक्याचं ओझं दुसऱ्या कुणी घेतलं की मान आणि खांदे फक्त श्वासाचं काम करू शकतात. घरात दम्याचा माणूस असेल तर एवढं शिकून घ्या. याला यंत्र लागत नाही.

सोडताना डॉक्टर म्हणाले, "गजाननराव, औषध मी देईन. हवा मी देऊ शकत नाही. घरातली हवा साफ करा, नाहीतर घर सोडा. पुढच्या वेळी इथे पोचेपर्यंत तग धराल, असं मी सांगत नाही."

घर सोडायला मी तयार होतो. पण दुसरं घर बघायला गेलो की दोन जिने चढून मी खोकायचो, आणि घरमालकाच्या कपाळावर 'क्षय' हा शब्द मला लिहिलेला दिसायचा. "कळवतो," म्हणायचे. कोणीही कळवलं नाही.

दुपारचे तीन

आता भूत.

आमची गल्ली म्हणजे यंत्रमागांचा खटखटाट. तो आम्हाला ऐकू येत नाही, जसं आपल्याला आपलं नाक दिसत नाही. पण ते वीजकपातीचे दिवस होते. दुपारी तीनला लाईट जायची आणि गल्लीतले सगळे माग एका क्षणी थांबायचे. बाहेरच्या माणसाला ती शांतता वाटेल. आम्हाला ती कुणीतरी कानात बोट घातल्यासारखी वाटते. घड्याळाची टिकटिक ऐकू येते, भांड्याला चिकटलेलं पाणी ठिबकलेलं ऐकू येतं.

दवाखान्यातून आल्यावर मी त्या वेळी खाटेवर बसून असायचो. माझी शीळ त्या शांततेत स्पष्ट वाजायची. आणि चौथ्या की पाचव्या दिवशी मला कळलं, की शिळा दोन आहेत.

माझा श्वास सुटायचा, लांब, चिरका. तो संपला की लगेच, माझ्या डाव्या खांद्यामागच्या भिंतीतून, दुसरा सुटायचा. किंचित खालच्या पट्टीतला, जरा थकलेला. मी खोकलो की तो थांबायचा. मी पुन्हा सुरू केलं की माझ्यामागून यायचा, माझं संपेपर्यंत वाट बघून. नाटकात दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देणारा नट फार थोडा असतो. हा तसा होता.

प्रतिध्वनी असेल म्हणून खात्री करायची होती. त्याला श्वास रोखून ऐकायला हवं. आणि दम्याचा माणूस सगळं करू शकतो, श्वास रोखू शकत नाही.

शालिनीला विचारलं, "तुला काही ऐकू येतं?"

"न्हाय," ती म्हणाली. जरा जास्तच पटकन. मग दारातच थबकली, एक हात चौकटीवर ठेवून, आणि माझ्याकडे नाही, भिंतीकडे बघत राहिली. त्या दिवसापासून तिने स्वतःचं अंथरूण स्वयंपाकघरात नेलं. मला वाटलं, माझ्या खोकल्याला कंटाळली. मी रागावलो, आणि आमच्या घरात पहिल्यांदाच जेवणाच्या ताटाला बोलण्याची चव राहिली नाही. आजारपण फुप्फुसात सुरू होतं, पण बसायला ते माणसांच्या मधली जागा शोधतं.

जांभळा उजेड

हवा साफ करायचे तीन मार्ग माझ्यासमोर होते. (शेजारच्यांनी चौथाही सुचवला होता: मृगाला हैदराबादला जाऊन जिवंत मासा गिळायचा. मी म्हटलं, माझ्या नळीत हवेला जागा नाही, माशाला कुठून देऊ?)

पहिला, वाळ्याचा ओला पडदा. खिडकीला लावला. वास स्वर्गीय, गारवा उत्तम, आणि आठव्या दिवशी पडद्याच्या काड्यांवर हिरवट बुरशी. माझी छाती आणखी आवळली. दमेकऱ्यांनो, ओलसर वस्तू खोलीत ठेवू नका, ती कितीही सुगंधी असो.

दुसरा मार्ग मुंबईहून पेटीत बसून आला. विक्रेता कडक इस्त्रीचा, आवाज लोण्यासारखा. "साहेब, हे हवाशुद्धीयंत्र. खोलीत डोंगरावरची हवा तयार करतं." त्याने पेटी टेबलावर ठेवली, रुमालाने पुसली, खिडकीचं दार ओढून घेतलं, क्षणभर थांबला, आणि मग बटण दाबलं. काय थांबला होता! मी मनातल्या मनात टाळी दिली.

पेटीच्या जाळीमागे जांभळा उजेड लागला. बारीक गुणगुण सुरू झाली. वीज पडून गेल्यावर येतो तसा तिखट, धातूसारखा वास आला. माझ्या हातावरचे केस उभे राहिले. समोरच्या आरशात मी स्वतःला बघितलं: ओठ जांभळे, डोळ्यांच्या खाचा काळ्या, गालांवर मेणाची कांती. पंधरा वर्षं राख फासून जे जमलं नव्हतं ते या पेटीने एका मिनिटात केलं होतं.

"कसं वाटतं?" विक्रेत्याने विचारलं.

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि घशात चाकू लागल्यासारखा खोकला आला. तो थांबेना. शालिनीने पुढे होऊन पेटीची वायरच उपटली.

"उचला हे तुमचं," ती म्हणाली. "डोंगरावर न्या आन् तिथं लावा."

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, वास सोडणारं कोणतंही यंत्र दम्याच्या खोलीत नको, मग तो वास विजेचा असो की गुलाबाचा.

उरला तिसरा: खोलीतली हवा बाहेर फेकणारा पंखा. तो बसवणारा माहितीतला मिस्त्री सोलापुरात नव्हता. शालिनीचा भाऊ नागेश तिकडे गावाकडे गूळ-शेंगांच्या व्यापारात होता, त्याच्या ओळखी दांडग्या. मी धापा टाकत तुकड्या-तुकड्यांत मजकूर सांगितला: खोलीतली हवा बाहेर काढणारा माणूस पाठव, लवकर. शालिनीने पोस्टकार्ड लिहिलं आणि पेटीत टाकलं.

मिस्त्री आला

चार दिवसांनी, दुपारी अडीचच्या सुमाराला, एक गृहस्थ दारात उभे राहिले. साठीचे, उंच, धोतर, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खांद्याला कापडी पिशवी. पिशवी खाली ठेवली तेव्हा आत लोखंड वाजलं. हत्यारं, मी म्हटलं.

"नागेशनं धाडलंय," ते म्हणाले. "मी शिवाप्पा. खोली कुटली?"

"हीच."

"किती दिस झाले तरास?"

"वर्ष झालं."

"कवा जास्ती असतंय?"

"दुपारी. तीनला तर फार."

त्यांनी भिंतींवरून नजर फिरवली. "भितीतनं येतंय, का वरनं?"

"तेच कळत नाही. तुम्हीच शोधायचं."

"शोधतो की. त्येच काम हाय आपलं. लई जुनं असंल तर मातर जोर लावाय लागंल."

"बाहेर काढताना आवाज फार होतो का हो? मला मोठा आवाज सोसत नाही."

"जाताना एकदा वरडतंय. मग गप."

"आणि परत आत येणार नाही ना?"

"तोंड भायेरच्या अंगाला करून बशिवलं की न्हाय येत."

इतका मुद्देसूद मिस्त्री मी पाहिला नव्हता. मी खूश होऊन विचारलं, "विजेवर चालतं ना?"

शिवाप्पांनी माझ्याकडे अपार करुणेने बघितलं. "मालक, अंगावर वीज पडली तरी जात न्हाय ते कवा कवा. मंत्रावर जातं."

त्याच वेळी स्वयंपाकघरातून शालिनी आली. हातात ताट. ताटात लिंबं, कुंकू, नारळ.

मी तिच्याकडे बघितलं. तिने जमिनीकडे.

"पोस्टकार्डात काय लिहिलंस?"

"तुमी सांगितलं त्येच. खोलीतलं वारं काढनारा मानूस पाठव."

"मी हवा म्हणालो होतो, शालिनी! हवा!"

"आमच्यात हवेला वारंच म्हन्त्यात की."

खरं होतं. तिच्या माहेरी खिडकीतून येतं तेही वारं, आणि माणसाला धरतं, अंगात येतं, घरात ठाण मांडतं तेही वारं. नागेशने पोस्टकार्डातला एक अर्थ घेतला आणि त्या कामातला सगळ्यात नामांकित माणूस एस.टी.त बसवून दिला. मला हसू फुटलं, हसण्यातून खोकला, खोकल्यातून शिट्टी. शालिनी घाबरून म्हणाली, "शिवाप्पामामा, आदी जरा धूप घाला."

शिवाप्पा तिच्यावर कडाडले, "दम्याच्या मान्साला धूर? बाई, वारं काढायचं हाय का नवऱ्याला?"

आणि लाईट गेली.

भिंत

खटखटाट तुटला. कुणीतरी गल्लीवर पांघरूण टाकल्यासारखं झालं. आम्ही तिघं आहोत तसे उभे. माझी शीळ सुटली, लांबली, संपली.

आणि भिंतीतून दुसरी आली.

शिवाप्पांचा हात हवेतच थांबला. इतके दिवस मी ज्याला माझ्या आजारी डोक्याचा खेळ समजत होतो, ते त्या परक्या माणसाने ऐकलं होतं. मला त्या क्षणी जितकं भय वाटलं तितकाच आनंद झाला. मी वेडा नव्हतो.

ते भिंतीपाशी गेले. कॅलेंडर लावलं होतं तिथे कान टेकवला. कुजबुजले, "हितं हाय. म्हातारं हाय. दमलंय."

त्यांनी कॅलेंडर काढलं, बोटांनी ठोकलं. बाकीची भिंत मुकी वाजत होती, तिथे लाकूड वाजलं. चुन्याच्या थरावर थर दिलेली फळी होती ती. पिशवीतून त्यांनी चिमटा काढला आणि फळीच्या कडेला घातला. शालिनीने ओला टॉवेल माझ्या तोंडावर गच्च बांधला.

फळी निघाली. तिच्यामागे गज होते, आणि गजांत कोंबलेल्या चिंध्या. चिंध्यांभोवती, चिंध्यांतून, वर्षानुवर्षं साठलेली पांढुरकी रुई. एखाद्या म्हाताऱ्याची दाढी भिंतीबाहेर लोंबावी तशी. आणि ती दाढी हलत होती. हळूच फुगत होती, हळूच बसत होती. भिंत श्वास घेत होती.

शिवाप्पांनी चिमट्याने ती ओढली. हातभर आली, आणखी हातभर आली. शेवटचा बोळा सुटला आणि पलीकडच्या काळोखातून घोगरा आवाज आला:

"एवरू?"

शिवाप्पा दचकून दोन पावलं मागे आले आणि त्यांच्या तोंडून त्यांच्या भाषेत निघालं, "यारू?"

शालिनी ताट छातीशी धरून ओरडली, "कोन हाय?"

तेलुगू, कानडी, मराठी. तिघांचा प्रश्न एकच, आणि उत्तर कोणाकडेच नाही. मेळ्यात असा प्रवेश कोणी लिहून दिला असता तर मी सोनं वाहिलं असतं.

उत्तर मग पलीकडूनच आलं, मोडक्या मराठीत. "मी व्यंकय्या. कारखान्याचा म्हातारा. तुमी कोण? राजव्वा कुठं गेली?"

व्यंकय्या

शेजारचा कारखाना अंबादास चालवायचा. व्यंकय्या त्याचे वडील. हात थरथरायला लागल्यावर त्यांचं मागावरचं काम सुटलं आणि खाट मागांमागच्या बोळात गेली, सुताच्या गठड्यांच्या शेजारी. अंबादास वाईट मुलगा नव्हता. जागाच तेवढी होती. माग चालू असले की सगळी रुई उडून त्या बोळात बसायची, आणि गजांच्या फटीतून माझ्या उशीवर. आमच्या दोघांच्या खाटा एकाच खिडकीच्या दोन अंगांना होत्या. मला दमा, त्यांना दमा.

घरमालकाने घर दुभागण्याआधी माझी खोलीही त्यांचीच होती. त्यांची बायको राजव्वा त्याच खोलीत वारली. तिलाही हाच आजार होता. गल्लीतल्या बायकांनी हे शालिनीला आम्ही राहायला आलो त्याच महिन्यात सांगितलं होतं. तिने माझ्यापासून लपवलं, स्वतः भीत राहिली, माझा राग झेलला. अंथरूण स्वयंपाकघरात नेलं ते माझ्या खोकल्यामुळे नव्हतं. भिंतीतला तो श्वास तिलाही पहिल्या दिवसापासून ऐकू येत होता.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुमच्या छातीत आदीच कमी जागा," ती म्हणाली. "त्यात भ्या कुठं ठिवलं असतं?"

शिवाप्पांनी नारळ फोडला, खोबरं सगळ्यांना वाटलं, गजातून व्यंकय्यांनाही दिलं. "वारं भायेर काढलंय," म्हणाले. "आता म्होरं डाक्टरचं काम." आणि साडेचारची गाडी धरली. असा प्रामाणिक माणूस माझ्या धंद्यात मला अजून भेटायचा आहे.

निवड

मी ती रुई पुडीत बांधून डॉक्टरांना नेऊन दाखवली. ते म्हणाले, "ही रोज छातीत जात होती. खिडकी विटांनी बुजवून टाका."

गवंडी बोलावला. त्याने पहिली वीट ठेवली आणि पलीकडून व्यंकय्यांचा हात गजातून आला. विटेवर ठेवला. हाताची कातडी सुताच्या लडीसारखी.

"गजाननराव, बुजवू नका. दुपारी ती तिथं येते."

"अहो, तो मीच होतो," मी म्हणालो. "माझा श्वास ऐकत होतात तुम्ही. आणि मी तुमचा."

"तुमी कधी आला राहायला?"

"गेल्या उन्हाळ्यात."

व्यंकय्या दात नसलेल्या तोंडाने मंद हसले. "ती जाऊन तीन वर्षं झाली. मी तीन वर्षं ऐकतो. आधीची दोन वर्षं खोलीला कुलूप होतं."

शालिनी माझ्याकडे बघायला लागली. मी गवंड्याकडे. गवंडी चुन्याची थापी घेऊन रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

मला जगायचं होतं. ती खिडकी उघडी राहिली असती तर पुढचं करकरणारं चाक माझ्यापर्यंत पोचलंही नसतं. आणि ती बुजवली असती तर त्या म्हाताऱ्याकडे गठड्यांशिवाय काही उरलं नसतं. शेवटी अंबादासने ओळखीचा खरा मिस्त्री आणला. त्याने दोन्ही बाजू बघून जे सांगितलं तेच मी तुम्हाला सांगतो, कारण या सगळ्या लिखाणात उपयोगाचं एवढंच आहे. हवा साफ करायचं यंत्र निवडण्याआधी घाण कुठून येते ते शोधा. तो म्हणाला, "पंखा तुमच्या खोलीत लावला, तर तो शेजारची रुई फटीतनं आणखी जोरात ओढणार. पंखा पायजे तिकडं, बोळात, बाहेरच्या भिंतीला."

माझ्यासाठी ठरलेला पंखा असा व्यंकय्यांच्या खाटेच्या वर बसला. तोंड बाहेरच्या अंगाला करून. अंबादास आधी कुरकुरला, "अप्पाचा खोकला जुनाच हाय वो," पण पंखा फिरल्यावर बोळाचा कोपरा त्याला वर्षांनी दिसला आणि त्याची कुरकुर थांबली. खिडकीला विटांऐवजी काच बसवली, चारी बाजूंनी लांबीचा लगदा भरून, मुंगी शिरणार नाही अशी. जमीन झाडायची बंद केली, ओल्या फडक्याने पुसायला लागलो. दुकानात मी चादर फेकत नाही. सावकाश उलगडतो, एक-एक घडी, आत काहीतरी झोपलं असावं तशी. गिऱ्हाईक आता 'वा' म्हणत नाही, पुढे वाकतं. विक्री वाढली आहे.

मागच्या आवारातलं लिंबाचं झाड मात्र पंख्यासमोर आहे. पंधरा दिवसांत ते पांढरं झालं, आणि पाऊस पडून जाईपर्यंत पांढरंच होतं. आमच्या दोघांच्या छातीत जायचं ते सगळं त्याने स्वतःच्या अंगावर घेतलं.

काचेपाशी

दीड वर्ष होत आलं. मी दवाखान्यात गेलेलो नाही. गोळ्या चालू आहेत, थंडीत छाती कधी कुरकुरते, पण शीळ गेली. शालिनीचं अंथरूण परत आलं आहे. व्यंकय्यांचा श्वासही मोकळा झाला. पण ते काही दिवस मला खिन्न दिसायचे. शेवटी माझ्या दुकानाच्या एका सुट्टीच्या दिवशी, तीनच्या आधी, त्यांनी काचेवर बोटाने वाजवलं. मी खाटेवर सरकून काचेला कान लावला. पलीकडे त्यांचा कान होता, मध्ये कागदाइतकं अंतर.

लाईट गेली. माग थांबले. पंखाही दोन फेऱ्या घेऊन थांबला.

"गजाननराव," त्यांचा आवाज काचेतून आला, "आता तुमची शिट्टी नाही. माझी नाही. जरा श्वास धरा, तिचा ऐकू येतो का बघू."

मी श्वास धरला. ही चैन ज्याला दमा नाही त्याला कळायची नाही. आत घेतलेली हवा आत राहते, छाती शांत, घाई नाही. पलीकडे त्यांनीही धरला. डोळे मिटले होते. चेहरा, लग्नात अंतरपाटामागे उभ्या असलेल्या नवऱ्या मुलासारखा.

एक, दोन, तीन. घड्याळाची टिकटिक. स्वयंपाकघरात ठिबकणारं पाणी.

"येतोय?" त्यांनी ओठ न हलवता विचारलं.

"येतोय," मी म्हणालो.

मी चादरी विकणारा माणूस. पक्का रंग, खरं सूत, शेवटचा नग, आयुष्यभर गिऱ्हाइकांना काय काय खोटं सांगत आलो. पण हे त्यातलं नव्हतं.